नियंत्रण मनोरा कोणाच्या हाती असावा?

विमान वाहतूक नियंत्रणाचे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘एटीसी’चे, मूळ काम विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखण्याचे आहे. दोन विमाने वर-खाली जात असतील तर त्यांच्यात साधारणपणे १,००० फूट अंतर ठेवतात. एकाच उंचीवर असतील तर रडारच्या टप्प्यात ३ ते ५ सागरी मैल ठेवतात. रडार पोहोचत नाही तिथे हेच अंतर मिनिटांत मोजले जाते आणि ते पुष्कळ वाढते. हे काम तीन पायऱ्यांवर चालते. विमानतळाच्या मनोऱ्यातला नियंत्रक धावपट्टी आणि तिच्या आसपासचे आकाश सांभाळतो, ‘अप्रोच’चा नियंत्रक येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची रांग लावतो आणि दूरच्या क्षेत्र केंद्रातला नियंत्रक उंचावरून मार्गस्थ झालेल्या विमानांकडे लक्ष ठेवतो.

ग्वाल्हेरहून मुंबईला निघालेल्या विमानाचा प्रवास पाहिला की ही साखळी स्पष्ट होते. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या महाराज बाड्याजवळच्या टोपी बाजारातून महाराजपूरचा विमानतळ दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिथली प्रवासी इमारत भारतीय विमानतळ प्राधिकरणाची आहे, पण धावपट्टी आणि मनोरा भारतीय हवाई दलाचा. त्यामुळे टोपी बाजारातल्या व्यापाऱ्याचे विमान हलते ते हवाई दलाच्या नियंत्रकाच्या परवानगीने. ठरलेल्या उंचीवर गेले की ते प्राधिकरणाच्या दिल्ली केंद्राकडे सोपवले जाते. ग्वाल्हेरचा आंतरराष्ट्रीय संकेत ‘व्हीआयजीआर’ असा आहे आणि त्यातली पहिली दोन अक्षरे दिल्ली विभागाची आहेत. भोपाळ आणि इंदूरचे संकेत ‘व्हीए’ने सुरू होतात, कारण त्यांचे आकाश मुंबई विभागात मोडते. म्हणजे मध्य प्रदेश ओलांडायच्या आतच हे विमान दिल्लीच्या हातातून मुंबईच्या हाती जाते. यातले काहीही प्रवाशाला दिसत नाही. खर्च मात्र त्याच्या तिकिटात असतो, कारण विमान कंपनी या सेवेसाठी विमानाचे वजन आणि कापलेले अंतर पाहून शुल्क भरते.

हे काम सरकारने करावे की खासगी संस्थेने, हा प्रश्न गेली साडेतीन दशके जगभर चर्चेत आहे. भारतात तो फारसा मोठ्या आवाजात विचारला गेलेला नाही. विमान व्यवसायाचे बाकी जवळजवळ सगळे भाग एकेक करून खासगी हातांत गेले असल्याने तो आता टाळता येण्यासारखाही राहिलेला नाही.

भारताच्या हवाई वाटचालीत ग्वाल्हेरचा वाटा मोठा आहे. इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमाने १९३०च्या दशकाच्या अखेरीस कराचीहून कलकत्त्याकडे जाताना ग्वाल्हेरजवळच्या माधव सागरावर, म्हणजे आजच्या तिघरा जलाशयावर, उतरत असत. स्वातंत्र्यानंतर महाराजपूर हा हवाई दलाचा महत्त्वाचा तळ झाला. १९८५ पासून तिथे मिराज-२००० विमाने आहेत आणि २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट कारवाईसाठी ती तिथूनच झेपावली. दुसरीकडे, देशाच्या नागरी विमान वाहतूक खात्याला ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याने दोन मंत्री दिले. माधवराव शिंदे १९९१ ते १९९३ या काळात त्या खात्याचे मंत्री होते. याच काळात ईस्ट वेस्ट एअरलाइन्ससारख्या खासगी कंपन्या आकाशात आल्या आणि पुढे १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदाच रद्द झाला. ज्योतिरादित्य शिंदे २०२१ ते २०२४ मंत्री असताना, २७ जानेवारी २०२२ रोजी, एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली.

विमानतळांचे खासगीकरण या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात सुरू झाले. १९९४ च्या विमानतळ प्राधिकरण कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली आणि २००६ मध्ये दिल्ली व मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे चालवायला दिले गेले. मात्र त्याच दुरुस्तीत एक अट घातली होती: विमानतळ भाड्याने दिला तरी हवाई वाहतूक सेवेचे प्राधिकरणाचे काम त्यामुळे बाधित होणार नाही. म्हणूनच मुंबईचा विमानतळ अदानी समूहाकडे असला, गोव्यातल्या मोपाचा जीएमआरकडे असला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळात ७४ टक्के वाटा अदानींचा असला, तरी तिन्ही ठिकाणी मनोऱ्यात बसतात ते प्राधिकरणाचेच नियंत्रक. विमाने विकली, विमानतळ भाड्याने दिले, पण मनोरा सरकारने स्वतःकडे ठेवला. हा निर्णय विचारपूर्वक झाला होता आणि तो बदलायचा असेल तर तितकाच विचार व्हायला हवा.

खासगीकरण म्हटले की विक्री डोळ्यांसमोर येते. पण जगात या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या व्यवस्था नांदतात. न्यूझीलंडने १९८७ मध्ये या कामासाठी स्वतंत्र कंपनी काढली. तिची सगळी मालकी सरकारचीच राहिली, पण ती अर्थसंकल्पाच्या बाहेर, स्वतःच्या शुल्कावर चालते. जर्मनीने १९९३ मध्ये हाच मार्ग धरला. याला कंपनीकरण म्हणणे अधिक योग्य.

कॅनडाने १९९६ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. १ नोव्हेंबरला सरकारने सगळी यंत्रणा १५० कोटी कॅनेडियन डॉलरना ‘नॅव्ह कॅनडा’ या खासगी, पण नफा न वाटणाऱ्या संस्थेला विकली. या संस्थेला भागधारकच नाहीत. तिच्या संचालक मंडळावर विमान कंपन्या, कामगार संघटना, छोट्या विमानांचे मालक आणि सरकार यांनी नेमलेली माणसे असतात. पैसा लागला तर ती कर्जरोखे काढते आणि शुल्कातून परतफेड करते. प्रवाशांवरचा जुना हवाई कर त्यानंतर दोनेक वर्षांत बंद झाला.

ब्रिटनने २००१ मध्ये खरी भागविक्री केली. ‘नॅट्स’ या संस्थेतला ४६ टक्के वाटा सात विमान कंपन्यांच्या गटाने घेतला, ५ टक्के कर्मचाऱ्यांना मिळाला आणि सरकारकडे ४९ टक्के उरला. शिवाय मोक्याच्या निर्णयांवर नकाराधिकार देणारा एक विशेष भागही सरकारने राखला.

अमेरिकेची तऱ्हा तर फारच वेगळी. तिथली मोठी यंत्रणा पूर्णपणे सरकारी आहे, पण १९८० च्या दशकापासून लहान विमानतळांचे मनोरे सरकार कंत्राटदारांकडून चालवून घेते. असे मनोरे आज अडीचशेहून अधिक आहेत. त्यांच्या कामाची तिथल्या महानिरीक्षकांनी वेळोवेळी तपासणी केली. सुरक्षा सरकारी मनोऱ्यांच्या तोडीची आणि खर्च कमी, असे तिचे निष्कर्ष आहेत.

खासगीकरणाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा पैशाच्या प्रवाहाचा आहे, आणि तो समजून घ्यायला अमेरिकाच उत्तम. तिथे एटीसी सरकारी खात्याचा भाग असल्याने तिचा खर्च दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असतो. रडार किंवा संगणक प्रणाली बदलायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि मंजुरी मात्र एकेका वर्षाची मिळते. अशा व्यवस्थेत जुनी यंत्रे वर्षानुवर्षे ओढत न्यावी लागतात. अमेरिकेत २०२५ पर्यंत काही ठिकाणी फ्लॉपी डिस्क आणि कागदी पट्ट्या वापरात होत्या. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज ४३ दिवस बंद पडले. नियंत्रक पगाराविना कामावर येत राहिले, अनेकांना ते झेपले नाही आणि अखेरीस ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे सरकारनेच कमी करायला लावली. सीमेपलीकडे कॅनडातल्या नियंत्रकांचे पगार कोणाच्याही अर्थसंकल्पावर अवलंबून नव्हते. आकाशातली वर्दळ चालू असताना तिच्या राखणदाराचा पगार राजकीय भांडणात अडकणे ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही.

दुसरा मुद्दा नव्या तंत्रज्ञानाचा. नॅव्ह कॅनडा स्वतःच्या बळावर कर्ज उभारू शकत असल्याने ती उपग्रहांवरून विमानांचा माग काढणाऱ्या ‘एअरिऑन’ प्रकल्पात भागीदार झाली. २०१९ पासून अटलांटिक महासागरावरची विमानेही नियंत्रकांना पडद्यावर दिसू लागली. तोवर महासागरावर रडार नसल्याने वैमानिकाने कळवलेल्या ठिकाणावरच भिस्त होती.

तिसरा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो, पण तत्त्वतः तो सर्वांत महत्त्वाचा आहे. सेवा देणारा आणि त्या सेवेची तपासणी करणारा एकच असू नये. अमेरिकेत ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे आहेत. कंपनीकरण किंवा खासगीकरण करताना ती आपोआप वेगळी होतात: सेवा कंपनीकडे जाते आणि सरकार तपासनीस म्हणून उरते.

आता दुसरी बाजू. एका आकाशात एकाच वेळी दोन नियंत्रक नसतात. विमान कंपनीला मुंबई विभागाची सेवा आवडली नाही म्हणून ती दुसऱ्याकडून घेता येत नाही. ही निसर्गतःच मक्तेदारी आहे आणि मक्तेदारी खासगी हातात गेली की स्पर्धेने दर उतरतील, सेवा सुधारेल, हे खासगीकरणाचे नेहमीचे गणित इथे लागू पडत नाही. दर ठरवणारा भक्कम नियामक नसेल तर ग्राहकाला दुसरी वाट नाही.

शुल्कावर चालणाऱ्या संस्थेचा दुसरा धोका मंदीत उघड होतो. ब्रिटनमधली भागविक्री जुलै २००१ मध्ये पूर्ण झाली आणि दोन महिन्यांत ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. अटलांटिकवरची विमाने घटली, नॅट्सचे उत्पन्न कोसळले आणि विक्रीसाठी काढलेल्या कर्जाचा भार असह्य झाला. २००३ मध्ये सरकार आणि विमानतळ चालवणारी बीएए ही कंपनी या दोघांनी प्रत्येकी साडेसहा कोटी पौंड ओतले तेव्हा ती सावरली. कोविडच्या काळात हाच अनुभव कॅनडाला आला. विमाने जमिनीवर होती, उत्पन्न आटले होते आणि नॅव्ह कॅनडाने सप्टेंबर २०२० मध्ये शुल्क सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढवले. ज्या वेळी विमान कंपन्या बुडण्याच्या बेतात होत्या नेमक्या त्याच वेळी ही वाढ आली. सरकारी यंत्रणेत असा तोटा करदाते थोडा थोडा वाटून घेतात. स्वयंपूर्ण संस्थेत तो थेट वापरणाऱ्यावर पडतो, कारण राखीव निधी संपल्यावर तिने कर्ज काढले तरी ते शेवटी शुल्कातूनच फेडावे लागते.

यंत्रणा खासगी झाली की बिघाड थांबतात, हाही भ्रम आहे. २८ ऑगस्ट २०२३ ला लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा उड्डाण आराखडा नॅट्सच्या संगणकात आला. त्यात एकाच संकेताची दोन वेगवेगळी ठिकाणे होती, एक फ्रान्समधले दोव्हिल आणि दुसरे अमेरिकेतले डेव्हिल्स लेक. प्रणालीला हा गुंता सुटला नाही. मुख्य प्रणाली बंद पडली आणि तोच आराखडा हाती आलेली पर्यायी प्रणालीही काही सेकंदांत थांबली. ७ लाखांहून अधिक प्रवाशांची उड्डाणे विस्कटली. भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला जे घडले ते याच जातीचे होते. उड्डाण आराखडे नियंत्रकांपर्यंत आपोआप पोहोचवणारी संदेश प्रणाली बिघडली, माहिती हाताने भरावी लागली आणि ८०० हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. एक यंत्रणा अंशतः खासगी, दुसरी पूर्ण सरकारी. दोन्हीकडे कमतरता तीच होती: मुख्य प्रणालीला खरोखर वेगळा असा पर्याय नव्हता.

अपघातांचा इतिहासही मालकीच्या रेषेवर सरळ विभागता येत नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या यूबरलिंगेन गावावर दोन विमाने आदळली आणि ७१ माणसे गेली. त्यांत अनेक शाळकरी मुले होती. तो आकाशाचा तुकडा ‘स्कायगाइड’ ही स्विस कंपनी सांभाळत होती. तिचे जवळजवळ सगळे भाग स्विस सरकारचेच, पण कारभार कंपनीचा. त्या रात्री एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता, रडार प्रणालीची दुरुस्ती सुरू होती आणि दूरध्वनीची मुख्य वाहिनीही बंद होती. रात्री एकावर काम सोपवण्याची प्रथा तिथे रूढ झाली होती आणि व्यवस्थापनाने ती चालू दिली होती. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने कंपनीच्या चार जणांना दोषी ठरवले.

भारतातला सर्वांत भीषण अपघात सरकारी नियंत्रणाखाली झाला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. हवेतल्या हवेत झालेल्या टकरींत आजवर इतकी जीवितहानी दुसरीकडे कुठेही झालेली नाही. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते. ते तिथून खाली, सौदी विमानाला दिलेल्या १४,००० फुटांच्या पातळीकडे उतरले. नियंत्रकाची सूचना बरोबर होती. पण त्याच्या रडारच्या पडद्यावर फक्त ठिपके दिसत, उंची दिसत नसे. ती चूक त्याच्या डोळ्यांसमोर घडत असूनही त्याला दिसणे शक्य नव्हते. चौकशी आयोगाचे काम न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांनी केले. ते मूळचे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या गुना इथले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. या अपघातानंतर दिल्लीत उंची दाखवणारे दुय्यम रडार सुरू झाले, येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे झाले. ही साधने जगात त्याआधीच उपलब्ध होती. सरकारी खरेदीच्या संथपणाची किंमत कशी मोजावी लागते याचे यापेक्षा दुःखद उदाहरण नाही, आणि खासगीकरणाचे समर्थक या अपघाताचा दाखला देतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात तथ्य असते.

पण उत्तरदायित्वाचा प्रश्नही इथेच उभा राहतो. ९ जानेवारी १९९३ ला इंडियन एअरलाइन्सने वैमानिकांच्या संपकाळात भाड्याने घेतलेले एक उझबेक विमान दिल्लीत धुक्यात उतरताना उलटले आणि पेटले. सगळे प्रवासी वाचले, तरी माधवराव शिंदे यांनी जबाबदारी स्वीकारून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकारी व्यवस्थेत लोकांना उत्तर मागण्यासाठी एक चेहरा असतो, संसदेत प्रश्न विचारता येतो. कंपनीच्या व्यवस्थेत ही साखळी लांबते. १९४४ च्या शिकागो कराराच्या २८ व्या कलमानुसार हवाई मार्गदर्शनाच्या सोयी पुरवण्याची जबाबदारी प्रत्येक देशाने स्वतः घेतलेली आहे. काम कोणाकडेही सोपवले तरी जगापुढे उत्तर देशालाच द्यावे लागते. काम सोपवताना हे विसरले जाते.

संरक्षणाचा मुद्दा भारतात नुसता कागदी नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद करण्यात आले. असा आदेश तत्काळ पाळला जायला हवा, त्यात नुकसानभरपाईच्या वाटाघाटी येऊ नयेत. ब्रिटनने कायद्यात आणीबाणीचे अधिकार राखून यावर उत्तर काढले आहे. म्हणजे अडचण सोडवता येते, पण तिच्यासाठी कायदा आधी लिहावा लागतो.

भारताची आजची स्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. सेवा देते ते विमानतळ प्राधिकरण आणि तपासते ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. अमेरिकेत न झालेली ही फारकत भारतात निदान कागदावर आहे, जरी दोन्ही संस्था एकाच मंत्रालयाखाली असल्या तरी. प्राधिकरण शुल्कातून कमावते, त्यामुळे नियंत्रकांचे पगार अर्थसंकल्पात अडकत नाहीत. त्याच्याकडे सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे आकाश आहे आणि त्याचा मोठा भाग समुद्रावर पसरला आहे. त्याच्या नियंत्रकांची क्षमता जगाने पाहिली आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये तिथे एका दिवसात १,००० हून अधिक विमानांची ये-जा झाली. हे काम सरकारी नियंत्रकांनी केले. इस्रोबरोबर मिळून ‘गगन’ ही उपग्रहाधारित मार्गदर्शन प्रणालीही याच प्राधिकरणाने उभी केली. सरकारी यंत्रणा नवे काही करू शकत नाही, असे सरसकट म्हणणे या उदाहरणांपुढे टिकत नाही.

अडचण आहे ती एकाच तिजोरीची. प्राधिकरणाचे विमानतळ आणि हवाई मार्गदर्शन यांचा हिशेब एका छताखाली आहे. आकाशातून मिळणाऱ्या शुल्काचा आधार तोट्यातल्या लहान विमानतळांना मिळतो. लहान शहरांच्या दृष्टीने हे वाईट नाही. ‘उडान’ योजनेतल्या उड्डाणांना मार्ग शुल्क नेहमीच्या दराच्या ४२.५ टक्के इतकेच लागते आणि विमानतळाजवळच्या मार्गदर्शनाचे शुल्क माफ असते. २०१७ मधल्या या योजनेच्या पहिल्या फेरीत ग्वाल्हेरचेही नाव होते. एटीसी स्वतंत्र करून विकली तर ही सवलत कोण सोसणार, हा प्रश्न कोल्हापूर, नांदेड, जळगाव आणि ग्वाल्हेरसाठी सैद्धांतिक नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने एटीसी वेगळी काढण्याचा प्रस्ताव आणला तेव्हा छोट्या विमानांच्या मालकांनी आणि ग्रामीण भागाच्या प्रतिनिधींनी तो याच धास्तीने अडवला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो मागे घेतला गेला.

मार्गदर्शन सेवेला वेगळी संस्था आणि वेगळा हिशेब द्यावा, ही सूचना भारतात सरकारी पातळीवर अनेकदा पुढे आली आहे आणि प्रत्येक वेळी मागे पडली आहे. ती अमलात येणे सर्वांत गरजेचे आहे. वेगळा हिशेब असेल तर शुल्कातला किती पैसा नव्या यंत्रणेवर आणि माणसांवर खर्च होतो ते दिसेल. लहान विमानतळांना मदत द्यायचीच असेल तर ती उघडपणे देता येईल. यासाठी एकही भाग विकण्याची गरज नाही.

त्याहून निकडीची उणीव माणसांची आहे. संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीने २०२५ मध्ये विमान सुरक्षेवर दिलेल्या अहवालात नियंत्रकांचा तुटवडा आणि त्यांचा थकवा यांवर बोट ठेवले. डीजीसीएच्या मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी असल्याचेही तिथेच दिसून आले. नियंत्रक घडवायला वेळ लागतो. प्रयागराजच्या जुन्या प्रशिक्षण महाविद्यालयात आणि महाराष्ट्रात गोंदियाला प्राधिकरणाच्या संस्थेत ते शिकतात, मग प्रत्येक ठिकाणच्या आकाशासाठी वेगळी पात्रता मिळवतात. पदे रिकामी ठेवून वाचवलेला पगार मालक सरकार असले तरी धोकादायक आणि कंपनी असली तरी धोकादायक. पडद्यासमोर माणसे कमी असली की काय होते, ते यूबरलिंगेनला दिसले.

तपासनीसाची निम्मी पदे रिकामी असताना त्याने तपासायची सेवा खासगी हाती देणे हा उलटा क्रम आहे. ब्रिटन आणि कॅनडाने विक्री केली तेव्हा तिथे सुरक्षेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा उभी होती. भारतात हवाई कायद्याची नवी चौकट नुकतीच आली आहे: १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. तिच्यात डीजीसीएला खरे बळ मिळेपर्यंत संपूर्ण एटीसीच्या विक्रीचा विचार पुढे ढकलणे शहाणपणाचे आहे.

खासगी सहभागाला जागा आहे ती खालच्या टोकाला. स्वीडनमध्ये २०१५ पासून ओर्नशोल्डस्विक या छोट्या विमानतळाचे नियंत्रण दूरच्या सुंड्सवालमधून कॅमेऱ्यांच्या साह्याने होते. लंडन सिटी विमानतळाने २०२१ मध्ये हीच पद्धत स्वीकारली. तिथल्या मनोऱ्यातली माणसे आता शंभरावर किलोमीटर दूर स्वॉनविकला बसतात. दिवसाला मोजकी विमाने येणाऱ्या विमानतळांवर प्रत्येक ठिकाणी पूर्ण मनोरा आणि पूर्ण पाळ्या ठेवणे महाग पडते. अशा ठिकाणी एका केंद्रातून तीन-चार मनोरे चालवण्याचे काम, डीजीसीएच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीच्या कंत्राटाने, खासगी संस्थांना देऊन पाहता येईल. अमेरिकेतल्या कंत्राटी मनोऱ्यांचा अनुभव याला अनुकूल आहे आणि प्रयोग फसला तर तो मागेही घेता येतो. संपूर्ण यंत्रणेच्या विक्रीत ही सोय नसते.

ग्वाल्हेरच्या मनोऱ्याला मात्र यातला कोणताही बदल थेट स्पर्श करणार नाही. १० मार्च २०२४ रोजी ग्वाल्हेर, पुणे आणि कोल्हापूर या तिन्ही शहरांच्या नव्या प्रवासी इमारतींचे एकाच कार्यक्रमात उद्घाटन झाले. त्यांपैकी कोल्हापूरचे नियंत्रण प्राधिकरणाकडे आहे. ग्वाल्हेर आणि पुण्याचे हवाई दलाकडे. गोव्यात दाभोळीचा मनोरा नौदल चालवते, नाशिकजवळ ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्स. उद्या प्राधिकरणाची सगळी सेवा खासगी झाली तरी हे मनोरे तिच्यात येणार नाहीत. लोहगावला ऑक्टोबर २०२१ मध्ये हवाई दलाने धावपट्टीच्या कामासाठी दोन आठवडे विमानतळ बंद ठेवला तेव्हा पुण्याच्या प्रवाशांना मुंबई गाठावी लागली होती. तो निर्णय कोणत्याही नागरी संस्थेच्या हातात नव्हता.

लष्करी आकाशाच्या वाटपाचे परिणाम याहून दूरवर जातात. भारताचे सुमारे ६० टक्केच आकाश नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येते, असे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मे २०२० मध्ये सांगितले होते. लष्करी आकाश रिकामे असेल त्या वेळी नागरी विमानांना वापरू दिल्यास वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाजही त्या वेळी मांडला गेला. हवाई दलाचा सराव संपला की मोकळे झालेले आकाश त्याच तासात नागरी केंद्राला कळवायचे, आणि केंद्राने त्याप्रमाणे मार्ग सरळ करून द्यायचा, असा हा व्यवहार आहे. त्याला दोन सरकारी संस्थांमधला विश्वास, सामायिक पडदे आणि चोवीस तास चालणारी संपर्क व्यवस्था लागते. टोपी बाजारातून निघालेल्या प्रवाशाचे मुंबईचे विमान किती वळसा घालून जाईल आणि त्यात किती इंधन जळेल, हे प्राधिकरणाच्या मालकीपेक्षा या रोजच्या देवाणघेवाणीवर अधिक अवलंबून राहील.